विनाथांबा

बस कंपनीत त्यांना सगळे एक्स्प्रेसराव म्हणत. हे नाव त्यांनी कष्टानं कमावलं होतं, फक्त कष्ट प्रवाशांचे होते. लांब पल्ल्याची गाडी घेऊन एक्स्प्रेसराव एकदा डेपोतून बाहेर पडले की चहाचा ठरलेला थांबा येईपर्यंत गाडीचं चाक थांबायचं नाही. मग कुणी मागून कळवळून हाक मारो, नाहीतर कुणी केबिनच्या दाराशी येऊन पाय आवळून उभं राहो. एक्स्प्रेसराव समोरच्या आरशात एकदा बघायचे आणि शांतपणे म्हणायचे, "घरून जाऊन यायचं होतं."

त्यांच्या लेखी मूत्राशय हा शरीराचा अवयवच नव्हता, तो चारित्र्याचा भाग होता. ज्याला एवढंसं धरवत नाही तो माणूस आयुष्यात काय धरून ठेवणार, हे त्यांचं तत्त्वज्ञान. डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत लोखंडी खाटेवर मांडी घालून ते नव्या ड्रायव्हरांना हे फुकट शिकवत. एकदा एक म्हातारे गृहस्थ घाटाच्या पहिल्या वळणापासून विनवण्या करत होते. घाट संपेपर्यंत त्यांचा आवाज बंद झाला. एक्स्प्रेसरावांनी तो आपल्या शिस्तीचा विजय मानला. म्हाताऱ्यांनी उतरताना अंगातला कोट काढून पुढे धरला होता, त्याचं कारण त्यांना कधी विचारावंसं वाटलं नाही.

असा हा माणूस पन्नाशी ओलांडून साठीकडे निघाला आणि एके दिवशी भर रस्त्यात, कुणीही हाक मारलेली नसताना, गाडी कडेला घेऊन उभा राहिला.

"टायर बघून येतो," असं म्हणून ते खाली उतरले आणि टायर सोडून झुडपांकडे गेले.

त्यांचा कंडक्टर गेली कित्येक वर्षं त्यांच्याच गाडीवर होता. तो तोंडानं फटकळ आणि मनानं त्याहून फटकळ. त्यानं खिडकीतून पाहिलं आणि एवढ्यावर सोडून दिलं. पण पुढच्या आठवड्यात टायर दोनदा बघावा लागला, त्याच्या पुढच्या आठवड्यात रोज. शिवाय टायर बघायला लागणारा वेळही वाढत चालला. एक्स्प्रेसराव झुडपापाशी उभे राहायचे, आभाळाकडे बघायचे, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घ्यायचे, आणि बराच वेळ काहीच घडायचं नाही. मग धार सुरू व्हायची ती अशी, की जणू कुणीतरी वरून नळ अर्धवट बंद करून ठेवलाय. मध्येच थांबायची, पुन्हा यायची. ते परत येऊन सीटवर बसायचे, गिअर टाकायचे, आणि पुढच्या मैलाच्या दगडापाशी त्यांना वाटायचं, अजून राहिलंय.

"साहेब," एकदा कंडक्टर म्हणाला, "आपल्या गाडीला टायर सहाच आहेत ना?"

एक्स्प्रेसरावांनी गिअर टाकला. खालच्या माणसांशी जास्त बोलू नये, हेही त्यांच्या तत्त्वज्ञानात बसत होतं.

घरी मात्र तत्त्वज्ञान चालत नव्हतं. त्यांच्या बायकोची झोप सावध. रात्रीतून संडासाचा दिवा किती वेळा लागतो आणि लागला की किती वेळ चालू राहतो, हे तिला डोळे मिटूनही कळत होतं. तिनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा एक्स्प्रेसराव म्हणाले, हवा बदललीये. दुसऱ्यांदा म्हणाले, चहा जास्त झाला. तिसऱ्यांदा गादीला दोष दिला. गादीचा आणि लघवीचा काय संबंध, हे तिनं विचारल्यावर ते चिडले आणि म्हणाले की वय झालं की सगळ्यांना असंच होतं. हे उत्तर मोठं सोयीचं असतं, कारण वयावर औषध नसतं आणि औषध नसलं की डॉक्टरकडे जावं लागत नाही.

"अहो, वय माझंही झालंय," ती म्हणाली. "मी कुठे अशा फेऱ्या घालतेय? एकदा दाखवून या. आत काय चाललंय ते बाहेर बसून कसं कळणार?"

एक्स्प्रेसरावांनी तिला समजावलं की डॉक्टरकडे जाण्याआधी माणूस धडधाकट असतो, रोगाला सुरुवात होते ती डॉक्टरकडे गेल्यावर. त्यासाठी त्यांच्याकडे पुरावेही होते. डेपोतला अमुक गेला आणि परत आलाच नाही, तमुक गेला आणि त्याला गाडीवरून उतरवून कार्यालयात बसवलं. आतली खरी भीती त्यांनी तिला सांगितली नाही. विश्रांतीच्या खोलीत कुणीतरी सांगितलं होतं की हे ‘तिथलं’ दुखणं असतं, त्याचं ऑपरेशन करतात, आणि ऑपरेशननंतर माणूस फक्त नावाला पुरुष उरतो. सांगणाऱ्याला हे कुणी सांगितलं, ते कुणी विचारलं नाही. अशा खोल्यांत विचारायची पद्धत नसते, ऐकून गप्प होण्याची असते. देवानं पुरुषाला मूत्राशयाखाली एक ग्रंथी दिली अक्रोडाएवढी, पण तिच्याबद्दल मूग गिळून बसायची ताकद दिली हत्तीएवढी.

डॉक्टरऐवजी त्यांनी स्वतःच एक उपाय शोधून काढला: पाणी पिणं बंद. टाकीत घातलंच नाही तर गळणार कुठून, असा चोख हिशेब. सकाळी अर्धा पेला, थांब्यावर गुळणी, बस. परिणाम असा झाला की लघवी गडद पिवळी झाली, जळजळू लागली, ओठांना चिरा पडल्या, आणि फेऱ्या होत्या तेवढ्याच राहिल्या.

आणि मग मेहुणे होते. बायकोचा थोरला भाऊ. प्रत्येक कुटुंबात एक माणूस असा असतो ज्याला वैद्यकशास्त्रातलं सगळं येतं, फक्त ते कॉलेज तेवढं राहून गेलेलं असतं. मेहुण्यांचा अभ्यास मोबाइलवर चालायचा आणि तोही आडवं पडून. त्यांनी आधी भोपळ्याच्या बिया सांगितल्या, मग सातूचं पाणी, मग अनवाणी चालणं, मग ओटीपोटावर कसलासा लेप. एक्स्प्रेसरावांनी सगळं इमानेइतबारे केलं. बायको सांगत होती तो एकच उपाय सोडून जगातले यच्चयावत उपाय करायला ते तयार होते. लेपानं खाज सुटली. मेहुणे म्हणाले, खाज म्हणजे गुण येतोय.

इकडे गाडीत मात्र वेगळंच नाटक रंगलं होतं. गाडी वरचेवर थांबू लागली तसे प्रवासी खूश झाले. म्हाताऱ्या माणसांना उतरता येऊ लागलं, लेकुरवाळ्या बाया निर्धास्त झाल्या, मधुमेहवाले मुद्दाम हीच गाडी धरू लागले. एक्स्प्रेसराव आताशा लघवीचं नाव काढणाऱ्याला काही बोलत नसत, उलट त्याच्या आधी खाली उतरलेले असत. लोकांना वाटलं, माणसाच्या हृदयाला पाझर फुटला. पाझर भलतीकडेच अडला होता, पण ते लोकांना कोण सांगणार? कौतुकाचे निरोप डेपोत येऊ लागले, आणि वर्षभर पंक्चर आणि तक्रारी यांच्यापलीकडे काही न ऐकलेल्या व्यवस्थापकांचा आनंद गगनात मावेना. कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात ‘सर्वांत सहृदय चालक’ म्हणून एक्स्प्रेसरावांचा सत्कार ठरला.

कार्यक्रमाला एक्स्प्रेसराव इस्त्रीच्या कपड्यांत गेले. खुर्ची त्यांनी कडेची निवडली, दारापासून जवळची. हल्ली ते कुठेही गेले की आधी दार बघायचे आणि मग माणसं. बायको शेजारी बसली. व्यवस्थापक बोलायला उभे राहिले. त्यांना करुणा या विषयावर बरंच काही सांगायचं होतं. आजच्या धावपळीच्या जगात थांबणं किती कठीण झालंय, असं ते म्हणाले. दुसऱ्याची अडचण न सांगता ओळखणं हीच खरी माणुसकी, असंही म्हणाले. एक्स्प्रेसरावांनी गुडघे जवळ घेतले. व्यवस्थापकांनी मग कंपनीचा इतिहास काढला. एक्स्प्रेसरावांच्या कपाळावर घाम आला. "आणि आता मी विनंती करतो," असं व्यवस्थापक म्हणाले तेव्हा सहृदय चालक खुर्चीवरून उठून, व्यासपीठाकडे पाठ करून, झपाट्यानं दाराबाहेर गेले.

मग कुणीतरी म्हणालं, बघा, कौतुकसुद्धा सहन होत नाही या माणसाला. टाळ्यांचा कडकडाट झाला. शाल आणि चषक बायकोनं जाऊन घेतला. पोचायला उशीर झालेले एक्स्प्रेसराव तेव्हा संडासाच्या आरशासमोर उभे राहून ओली पँट शर्टाच्या टोकानं झाकायचा प्रयत्न करत होते. टाळ्या त्यांना तिथेही ऐकू आल्या.

त्या संध्याकाळी बायको चषक टेबलावर ठेवत एवढंच म्हणाली, "लोकांना काही सांगू नका. पण मी कोण लागते तुमची?"

दोन दिवसांनी डॉक्टरकडे जाऊ, असं ते कसंबसं म्हणाले. दोन दिवसांनी त्यांना सर्दी झाली, आणि सर्दी हे न जायला फारच उत्तम कारण होतं.

नाक चोंदलं, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मेहुण्यांनी खिशातूनच गोळ्या काढून दिल्या. नाक मोकळं करणाऱ्या, एकदम जालीम. त्या गोळ्यांच्या वेष्टनावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की ज्यांना लघवीचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नयेत. मेहुण्यांचा चष्मा घरी राहिला होता. एक्स्प्रेसरावांनी एक गोळी रात्री जेवल्यावर घेतली, एक सकाळी निघताना, आणि एक चहाच्या थांब्यावर, हात आखडता कशाला घ्यायचा म्हणून. नाक अगदी मोकळं झालं.

बाकीचं सगळं बंद झालं.

थांब्यावरून निघाल्यावर थोड्याच वेळात त्यांनी गाडी कडेला घेतली आणि झुडपामागे गेले. काहीच आलं नाही. पुढे पुन्हा थांबवली. थेंबही नाही. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा प्रवाशांत एक आजीबाई शेजारणीला सांगत होत्या, की बघ, आज तर विचारायच्या आधीच थांबतायत बिचारे. बिचारे तेव्हा झाडाला डोकं टेकून उभे होते. ओटीपोट दगडासारखं घट्ट झालं होतं, हात लावू देत नव्हतं. फुटेल की काय असं वाटत होतं आणि वाट तेवढी बंद. त्यांना बाळंतपणं आठवली, बायकोची, ज्यांच्या वेळी ते बाहेर बाकावर बसून एवढं काय ओरडायचं असं म्हणाले होते.

कशीबशी त्यांनी गाडी पुढच्या पेट्रोल पंपावर आणली, नीट आखलेल्या जागेत उभी केली, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर वाकले. कंडक्टर केबिनमध्ये आला. त्यानं त्यांचा चेहरा पाहिला आणि पहिल्यांदाच टोमणा मारला नाही.

"काय होतंय ते सांगा. सरळ सांगा."

"लघवी होत नाहीये," एक्स्प्रेसराव म्हणाले. या तीन शब्दांसाठी त्यांनी वर्ष घालवलं होतं. "सकाळपासून. मरतोय मी."

कंडक्टरनं अँब्युलन्स बोलावली, डेपोला फोन करून दुसरा ड्रायव्हर मागवला आणि मग प्रवाशांना सांगायला मागे गेला. तिथे त्याची जीभ अडखळली. ड्रायव्हरसाहेबांना हृदयाचा त्रास होतोय, असं तो म्हणाला. आजीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. इतकं मऊ हृदय, त्यालाच व्हायचा त्रास, असं त्या म्हणाल्या. एक्स्प्रेसरावांना स्ट्रेचरवरून नेताना सगळ्या गाडीनं हात जोडले.

रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात एक्स्प्रेसरावांनी शुद्ध होती तेवढ्यात एक अट घातली, डॉक्टर पुरुष हवा. पडदा बाजूला झाला आणि त्यांच्या धाकट्या लेकीच्या वयाची एक डॉक्टर आत आली. तिनं नाव विचारलं, पोटावर हलका हात ठेवला, आणि सर्दीच्या गोळ्या घेतल्या होत्या का, असं विचारलं. ते चमकले. नाकाचं हिला कसं कळलं? मग तिनं सांगितलं की एक बारीक मऊ नळी घालून मूत्राशय मोकळं करावं लागेल, आधी बधिर करायची जेली लावीन, थोडं विचित्र वाटेल, पोट सैल सोडा. एक्स्प्रेसरावांना लाज वाटायला हवी होती. पण लाजेला बसायला जागाच उरली नव्हती.

नळी आत गेली, पिशवी भरू लागली आणि एक्स्प्रेसराव रडले. दुखलं म्हणून नाही. ओझं उतरत गेलं तसतसे डोळ्यांतून आपोआप पाणी वाहायला लागलं. आयुष्यात त्यांना इतकं सुख कशानंच झालं नव्हतं, लग्नानं नाही, नोकरीनं नाही, चषकानं तर नाहीच. त्या घडीला तिनं मागितलं असतं तर राहतं घर तिच्या नावावर केलं असतं.

बायको पोचली तेव्हा डॉक्टर प्रश्न विचारत होती. किती दिवस चाललंय, असं विचारल्यावर एक्स्प्रेसराव म्हणाले, थोडे दिवस. बायको म्हणाली, वर्ष होऊन गेलं. धार कशी आहे? ते म्हणाले, ठीक. बायको म्हणाली, थांबत थांबत, जोर करावा लागतो, मी बाहेरून कण्हणं ऐकते. पाणी किती पिता? ते भिंतीकडे बघू लागले. ताप, थंडी वाजून येणं, लघवीतून रक्त? ते नाही, दोघंही एकदमच म्हणाले, आणि डॉक्टरनं मान हलवून ते लिहून घेतलं.

मग हातमोजा घालून जी तपासणी करावी लागते ती तिनं सांगून केली. एक्स्प्रेसरावांनी या एका तपासणीच्या धास्तीनं सगळं वर्ष काढलं होतं, आणि ‘झालं’ असं ती म्हणाली तेव्हा त्यांना वाटलं की अजून सुरू व्हायचंय.

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाल्यावर तिनं दोघांना समोर बसवून सांगितलं. मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाच्या भोवती, प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. वयाबरोबर ती बहुतेक पुरुषांची वाढते. हे वाढणं म्हणजे कॅन्सर नाही. पण वाढली की वाट आवळते, आणि आतलं नीट बाहेर पडत नाही. तशात त्या सर्दीच्या गोळ्यांनी मूत्राशयाचं तोंड पार आवळून टाकलं. एवढ्यावर भागलं हे नशीब, कारण तुंबलेल्या लघवीचा दाब वर मूत्रपिंडांपर्यंत पोचला होता, दोन्ही थोडी सुजली आहेत, उतरतील. कॅन्सरसाठीची रक्ततपासणी तिनं लगेच करायला नकार दिला. आत्ता नळी आहे, सूज आहे, आकडा उगाच वाढलेला येईल आणि तुम्ही उगाच घाबराल, थोड्या आठवड्यांनी करू, असं ती म्हणाली.

"तुम्ही पहिल्यांदा टायर बघायला उतरलात ना," तिनं शेवटी विचारलं, कारण कंडक्टरनं तिला सगळं सांगितलं होतं, "तेव्हाच आला असतात तर कदाचित रोजच्या एका गोळीवर भागलं असतं. तेव्हा कशाची वाट बघत होतात?"

एक्स्प्रेसरावांना खूप उत्तरं सुचली. हवा, चहा, गादी.

वाट सैल करणाऱ्या गोळ्या सुरू करून काही दिवसांनी नळी काढून पाहिली, पण वाट मोकळी झाली नाही. मग ऑपरेशन झालं, पोटावर एक ओरखडाही न काढता, मूत्रमार्गातूनच दुर्बीण घालून. त्याआधी एक्स्प्रेसरावांनी बायकोला बाहेर पाठवून डॉक्टरला तो ‘नावाला पुरुष’वाला प्रश्न विचारला, इतका आडून आडून, की तिनं त्यांना तो दोनदा विचारायला लावला. तिनं काय बदलू शकतं आणि बहुधा काय बदलत नाही हे सरळ सांगितलं, काहीही आडपडदा न ठेवता. मग म्हणाली की हे बायकोलाही आत बोलावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. बायको दाराबाहेरच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. दार जुनं होतं.

पुढे रक्ततपासणी झाली, ती चांगली आली. मेहुणे भेटायला आले आणि म्हणाले, शेवटी भोपळ्याच्या बियांनी काम केलंच. बायकोनं त्यांना चहा दिला नाही.

एक्स्प्रेसराव गाडीवर परतले तेव्हा डेपोत त्यांच्या हृदयाची सगळ्यांना फार काळजी होती. जिने चढू नका, तेलकट खाऊ नका, असा ज्याचा त्याचा सल्ला. आठवडाभर त्यांनी ऐकून घेतलं. मग एका दुपारी विश्रांतीच्या खोलीत, सगळे डबे उघडून बसलेले असताना, त्यांनी सांगून टाकलं की हृदय ठणठणीत आहे, अडलं होतं ते मूत. दोघातिघांनी भिंतीवरच्या वेळापत्रकाचा असा अभ्यास सुरू केला, जणू परीक्षाच द्यायची आहे. पण त्यानंतर चमत्कार झाला. एकेक जण त्यांना एकटं गाठू लागला. कुणी धुलाईच्या जागी, कुणी डिझेलच्या रांगेत. सगळ्यांचं सुरुवातीचं वाक्य एकच, माझ्या एका मित्राला त्रास आहे. डेपोत इतके मित्र असतील असं एक्स्प्रेसरावांना कधी वाटलं नव्हतं.

कंडक्टर मात्र कधी काही बोलला नाही. एका सकाळी चहाच्या थांब्यावर, गाडी रिकामी असताना, तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मागच्या महिन्यात मला लघवीतून लाल गेलं. एकदाच. दुखलं नाही काही. मग आपोआप साफ झालं."

एक्स्प्रेसराव वळले. "आणि?"

"आणि काय. साफ झालं ना."

मग आणखी थोडं थोडं बाहेर आलं. धार उत्तम, रात्री उठावं लागत नाही, त्रास काही नाही. फक्त वडील याच ग्रंथीच्या कॅन्सरनं गेले होते. कंबर धरून बसायचे, सगळे म्हणायचे वात आहे, आणि कळलं तेव्हा तो हाडांत पसरला होता. हे सगळं कंडक्टरनं तिकिटाच्या दराबद्दल बोलावं अशा आवाजात सांगितलं. त्याच माणसानं एक्स्प्रेसरावांना पंपावर सरळ बोलायला लावलं होतं.

एक्स्प्रेसराव त्याच्याशी वाद घालत बसले नाहीत. आपल्याला वाद घालून कुणी नेऊ शकलं नव्हतं, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. सुट्टीच्या दिवशी ते त्याच्या दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, चल, माझ्या तपासणीला सोबत हवीये. रुग्णालयात गेल्यावर त्यांनी खिडकीवर नाव त्याचं दिलं. कंडक्टरनं त्यांना जी शिवी दिली ती ऐकून रांगेतल्या माणसांनी माना वळवल्या.

रक्त एकदाच जाऊन थांबलं म्हणजे संपलं असं नसतं, डॉक्टर म्हणाली. तिनं लघवी तपासली, दुर्बिणीतून मूत्राशय बघितलं, तिथे काही नव्हतं. पण तपासणीत तिच्या बोटाला ग्रंथीवर एके जागी कडक गाठ लागली, आणि रक्तातला आकडाही वाढलेला निघाला. मग एमआरआय, मग सुईनं काढलेले तुकडे. तुकड्यांचा निकाल घ्यायला दोघं गेले. कंडक्टर आत गेला आणि एक्स्प्रेसराव बाहेर व्हरांड्यात बाकावर बसले. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना.

"आहे," तो म्हणाला. "तोच आहे, बाबांचा."

त्यांनी त्याचा हात धरला. आयुष्यात त्यांनी स्टिअरिंग सोडून इतका वेळ दुसरं काही धरलं नव्हतं.

"पण ग्रंथीच्या बाहेर गेलेला नाही म्हणाली. काढता येईल, नाहीतर किरणं देता येतील, दोन्ही सांगितलं. लवकर आलात म्हणाली." कंडक्टर थोडा थांबला. "मी आलोच नव्हतो हे सांगितलं नाही तिला."

मग कंडक्टरनं खिशातून फोन काढला. डॉक्टरनं आणखी एक गोष्ट सांगितली होती. वडिलांना होतं, आता त्याला आहे, म्हणजे भावांनीही तपासून घ्यायला हवं, त्रास असो वा नसो. त्याला दोन भाऊ होते, दोघंही दूर गावी. त्यानं थोरल्याचा नंबर लावला, कानाला धरला, पलीकडून आवाज आला. जगभरच्या प्रवाशांना एका वाक्यात गप्प करणारा हा माणूस, त्यानं फोन तसाच एक्स्प्रेसरावांच्या हातात दिला.

एक्स्प्रेसरावांनी ओळख सांगितली. भावाची तब्येत ठीक आहे, उपचार होणार आहेत, हे आधी सांगितलं. मग का फोन केला ते सांगायला सुरुवात केली, तर फोनवर खरखर होऊ लागली. काय? कुठे? काही कळत नाही, मोठ्यानं बोला, असं पलीकडचे थोरले भाऊ म्हणायला लागले. व्हरांडा भरलेला होता. फाइली मांडीवर घेतलेली माणसं, त्यांच्या बायका, चाकांच्या खुर्चीत बसलेले एक गृहस्थ, फरशी पुसणारी बाई.

एक्स्प्रेसराव उभे राहिले आणि डेपोत गाडी सुटल्याची आरोळी ठोकतात तशा आवाजात म्हणाले, "प्रोस्टेट! लघवीच्या वाटेवरची ग्रंथी! तुमच्या वडिलांना होतं ते! तुम्ही दोघांनी तपासून घ्यायचंय!"

व्हरांड्यातली फाइलींची चाळवाचाळव थांबली. फरशी पुसणारी बाई सुद्धा थांबली.

"मला काहीच त्रास नाही हो," थोरले भाऊ पलीकडून म्हणाले.

"यालाही नव्हता."

खरखर थांबली होती. मग थोरल्या भावांनी आवाज अगदी खाली आणला आणि विचारलं की जाईन, जातो, पण ही गोष्ट कुणाला कळणार नाही ना?

एक्स्प्रेसरावांनी समोर पाहिलं. सगळा व्हरांडा त्यांच्याकडे बघत होता. चाकांच्या खुर्चीतले गृहस्थ तर नीट ऐकू यावं म्हणून थोडे पुढे सरकले होते.

"छे छे," एक्स्प्रेसराव म्हणाले. "कुणालाच नाही. उद्याच जा."